क्लोराइड, टक्क्यांत

काल जेवणाच्या टेबलावर ब्युरेट उभं केलं.
टोक किंचित उडालेलं.
निवृत्तीला कंपनीनं शाल दिली, नारळ दिला,
हे मी मागून घेतलं.

नातू म्हणतो, आजी, आठवणी लिही.
लिहीन. पण मला थेंबाथेंबानंच येतं,
आणि कुठे थांबायचं ते रंग बदलल्यावर कळतं.

बाप पोशा, घणसोलीच्या खाजणात मिठागरी.
उधाणाचं पाणी कोंडीत घ्यायचा, तोंड बांधायचा,
मग काम उन्हावर सोपवून बांधावर बिडी.
फळीखाली मीठ ओढलं जातानाचा आवाज
मला शाळेच्या घंटेआधी ओळखता यायचा.

मी चौथीत होते तेव्हा नोटीस आली.
साखळी टाकून माणसं खाडी मोजू लागली.
बाप त्यांना म्हणाला, भरतीला या, वाढंल.
ते हसले नाहीत.

मिठागर गेलं, तिथं कंपनी आली.
कंपनीचा कच्चा माल: मीठ.
गुजरातहून, ट्रकांनी.

मी बी.एस्सी. झाले, प्रकल्पग्रस्ताची पोर म्हणून
प्रयोगशाळेत लागले. पहिलं काम हेच:
आलेल्या मिठात क्लोराइड किती.
सिल्व्हर नायट्रेट सोडत राहायचं, पांढरा साका पडत राहतो,
पिवळ्यावर एकाएकी विटकरी झाक येते. थांब.
बोटं काळी पडायची.
हळदीत सगळं अंग उजळलं, बोटं नाही.
सासू म्हणाली, हे कसलं गोंदण?
म्हटलं, चांदीचं.

खाली सेलघरात पारा वाहायचा, अंगणाएवढा,
त्यात कुणाचाच चेहरा नीट दिसायचा नाही.
चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात भोपाळची बातमी आली
आणि गाव फाटकाशी जमलं, पुढे बाप.
तुमचे कंपनीत पन वायू हाय ना?
मी म्हटलं, आपला वेगळा आहे, बाबा. क्लोरीन.
वेगला म्हंजे कमी का गो?

याचं उत्तर मला पाठ होतं, आकड्यांसकट.
दिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात खाडीचा गाळ तपासायला आला.
तीनदा तपासला. तिन्ही वेळा तेच.
रेगेसाहेबांनी चष्मा पुसला, म्हणाले,
उपकरण जुनं आहे आपलं, नाही का?
अहवालात पाऱ्यापुढे लिहिलं, आढळला नाही.
अक्षर माझं. वळणदार. शाळेत बक्षीस होतं त्याला.

त्या रात्री बापानं खाडीतली बोय आणलेली.
मी ताट सरकवलं. पोट दुखतंय.
त्यानं माझ्या वाटणीचीही खाल्ली,
काटे नीट ताटाच्या कडेला रचून.

(तो म्हातारपणानं गेला. डॉक्टर तसंच म्हणाले.
हात कापायचे शेवटी. कापतात म्हातारपणी.)

बोर्नव्हिटाच्या बाटलीत त्याच्या शेवटच्या हंगामाचं मीठ आहे.
राखाडी, गोळा झालेलं, पावसाळ्यात घाम फुटणारं.
काल त्यातलं अर्धा ग्रॅम तोललं.
स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या.
एक्क्याण्णव पूर्णांक काहीतरी येईल असं वाटत होतं.
उरलेला चिखल, मॅग्नेशियम, ओल,
आणि ज्याला आमच्या तक्त्यात रकाना नव्हता ते.

शेवटाशी नातवानं हाक मारली, मी वळले,
एक थेंब जास्त पडला.
पूर्वी वजा केला असता.
तसाच लिहिला.