चार शब्दांची ओळ

फोनवरची मुलगी विचारते,
या पेशात यायचं तर काय शिकावं?
खिडकीबाहेर लेक्सिंग्टनचं कुरण, काळं कुंपण,
आणि एक शिंगरू, आपल्याच सावलीला बिचकणारं.

सांगते: पहाटे चारला उठायला शीक.
वंशावळ आईकडून वाच.
बाप सगळ्यांना ठाऊक असतो, पैसे त्याचेच लागतात.
लिलावात घोड्याकडे सगळेच बघतात,
तू खरेदीदाराच्या बुटांकडे बघ;
चवडा हलला की बोली वाढते.
पगाराचं विचारू नकोस.
मी विचारलं तेव्हा संपादक हसले
आणि टेबलावरचं सफरचंद माझ्याकडे सरकवलं.

ती लिहून घेतेय. पेन्सिलीची खरखर ऐकू येते.
"आणि तुम्ही का आलात?"

इथंच तर घोडं पेंड खातं.

वडील नालबंद होते, असं मी सांगते.
खरंच आहे ते. जळक्या खुराचा वास
अजून माझ्या हिवाळी कोटात आहे.
जॉकी व्हायचं होतं, तेराव्या वर्षी उंचीनं दगा दिला,
हेही सांगते. लोक हसतात.

एलिसेओचं सांगत नाही.
ग्वाटेमालाच्या डोंगरातला मोतद्दार.
तपकिरी घोडीला खरारा करताना
तिच्याशी माम भाषेत बोलायचा;
म्हणायचा, हिला इंग्रजी येत नाही.

नोव्हेंबर. चौथी शर्यत. वळणावर
काहीतरी मोडल्याचा आवाज. मला वाटलं, कुंपण.
मग माणसं हिरवा पडदा घेऊन धावली.

मी दोन पानं लिहिली.
मालकाची जाहिरात मागच्या पानावर होती, रंगीत.
छापून आलं:
'शर्यत पूर्ण केली नाही'.
चार शब्द. व्याकरण चोख. कर्ता गायब.

दुसऱ्या दिवशी पागेत गेले
तर तो रिकाम्या ठाणापुढे चंदी भिजवत होता.
सवयीनं, म्हणाला.
मग हात पुसून म्हणाला, तुमच्या पेपरात ती कुठं आहे, दाखवा.
मी दाखवली.
त्यानं तिथं बोट ठेवलं.
बोटाखाली अख्खी ओळ झाकली गेली.

सत्तावीस वर्षं झाली.
त्या बोटाबाहेर पुरून उरेल असं
मला दोनदा लिहिता आलं. कदाचित दीडदा.

"हॅलो?" मुलगी म्हणते.
घोडे आवडतात मला, मी म्हणते.
मलाही, ती म्हणते, आणि तेही लिहून घेते.

सोमवारी ये, म्हणते मी.
पायाचं माप काय तुझं?
इथं चिखल फार असतो.