खंजिराची खूण

लाउथ गावात, दलदलीकडे पाठ करून
पाद्र्याचं एक दगडी घर होतं.
पाद्री क्रिस्पिन स्केलम रविवारचं प्रवचन
शनिवारच्या मध्यरात्रीआधी कधी लिहायचा नाही.
त्याची बहीण टॅबिथा मात्र रोज, न चुकता,
पत्राच्या अर्ध्या कागदावर चिठ्ठ्या लिहायची:
एक शब्द, त्याचं साल, पुस्तक, पान,
आणि तो ज्या वाक्यात राहायचा
ते अख्खं वाक्य.

दूरच्या शहरात मोठा कोश सुरू होता.
ज्या शब्दाला दोनशे वर्षांत कुणी हाक मारली नाही
त्याच्या डोक्यावर तिथे एक बारीक खंजीर छापत.
टॅबिथाच्या वाट्याला असलेच आलेले.
लॅटिनमधून इंग्रजीत आलेले,
तेही बंदरातून नाही, बाजारातून नाही,
विद्वानांच्या दौतीतून.
अंगावर जरीची झूल आणि गावात ओळखीचं कुणी नाही.

लॅट्रेट: भुंकणे.
आता भुंकायला लॅटिन कशाला?
कुत्र्यांनीही हा शब्द ऐकला नसेल.
जेंटॅक्युलर: न्याहारीविषयी.
पेरेंडिनेट: परवावर ढकलणे.
हा तिने भावाच्या बशीखाली ठेवला.
तो हसला, म्हणाला, उद्या वाचतो.
लॅटिनमधला हा परवा फक्त पुढे बघतो.
माझ्या भाषेतला दोन्हीकडे तोंड करून बसलाय,
गेलेलाही तोच, यायचाय तोही तोच,
क्रियापद येईपर्यंत कळत नाही
कोण मेलंय आणि कोण यायचंय.

स्टिलिसाइड लिहिताना वळचणीचं पाणी ठिबकत होतं.
स्टिल्ला म्हणजे थेंब, कादेरे म्हणजे पडणे.
याच्यात अजून धुगधुगी होती, वकिलांच्या कृपेने:
कुणाच्या छपराचं पाणी कुणाच्या भिंतीवर.
तिने मूळ लिहिलं, मान वर केली नाही.
पागोळ्या, मी इथून म्हणतो. तिला ऐकू जात नाही.

रेडॅमन्सी.
ज्याच्यावर जीव जडला
त्याचाही आपल्यावर जडणे.
ही चिठ्ठी तिने तीनदा लिहिली.
तिसऱ्यांदाही अक्षर सरळ येईना.
टपालात गेली नाही ती.
शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली.

मार्चमध्ये एकदा ऊन पडलं.
स्वयंपाकघरात केझाया ब्रॉक्लबी बटाटे सोलत होती,
वाचता न येणारी, दलदलीतल्या कोळ्याची पोर.
टॅबिथाने तिला सहज वाचून दाखवलं:
अ‍ॅप्रिकेट. उन्हात अंग शेकत पडणे.
केझाया म्हणाली, हं.

मंगळवारी खाटकाचा पोऱ्या मागच्या दाराने धावत आला
तेव्हा केझाया आतून ओरडली,
अरे मेल्या, बघून चाल!
मांजर अ‍ॅप्रिकेट करतंय!

टॅबिथा लेखणी शोधायला पळाली.
साल: अठराशे ब्याऐंशी. पुस्तक: नाही.
पान: मागच्या दाराची पायरी.
वाक्य: जसंच्या तसं, मेल्यासकट.
खाली अधोरेखित करून,
कृपया खंजीर काढावा.

आठ दिवसांनी उत्तर आलं, अतिशय सभ्य.
छापील पुरावा असल्यास पाठवावा.
तोंडी बोललेलं आम्ही धरत नाही.

तिने पत्राची घडी घातली
आणि त्या दिवशी एकही चिठ्ठी लिहिली नाही.

पण केझायाला कुणी काही कळवलं नव्हतं.
एवढा लांब शब्द रोज कोण उच्चारणार,
तिने त्याची शेपटी तोडली
आणि मांजराला एप्री म्हणू लागली.
ते मेल्यावर दुसरं आलं, तेही एप्री.
मग लग्न करून ती समुद्राकाठी गेली, तिथलंही एप्री.
म्हातारपणी नातवाने विचारलं,
हे कसलं गं नाव?

केझाया म्हणाली,
नाव नाही रे ते.
आमच्यात मांजराला असंच म्हणतात.