एक्केचाळीस ब्रास

टेपचं एक टोक झिलू मेस्त्रीकडे,
दुसरं माझ्या अंगठ्याखाली.
मध्ये चाळीस मीटर व्हाळ,
मार्चमधला, घोटाभर,
पाय न वाजवता चाललेला,
जणू गेल्या श्रावणात तीन माड
दुसऱ्याच कुणीतरी नेले.

उताराची लांबी तीन पूर्णांक सहा.
थराची जाडी पंचेचाळीस सेंटिमीटर.
गुणाकार वहीत, वही गुडघ्यावर,
गुडघ्याला लाल माती.
पायथ्याचा चर वेगळा धरायचा,
एक मीटर रुंद, एक खोल,
कारण व्हाळ भिंतीला हात लावत नाही,
तिच्या खालची जमीन काढून घेतो
आणि भिंत आपली आपण बसते.

दोन पूर्णांक त्र्याऐंशीने भाग. सदतीस ब्रास.
वर दहा टक्के:
काही चिखलात रुतेल, काही ट्रकमधून सांडेल,
काही कुणाच्या तरी गोठ्याच्या पायरीला जाईल.
एक्केचाळीस.
म्हणजे मीटरमागे एक ब्रास आणि वर चिमूटभर.

दगड केवढा घ्यायचा?
पाण्याच्या वेगाचं कोष्टक माझ्या पिशवीत होतं.
झिलूने एक धोंडा उचलला,
छातीपर्यंत आणला, टाकून दिला.
"जो एकट्याक उचलूक जमता,
तो व्हाळाकय जमता."
मी कोष्टक काढून पाहिलं.
घडी घालून परत ठेवलं.

द्वारका घाडी बांधावर बसून
मघापासून सगळं ऐकत होती.
"दगडात दगड रचलास तरी मधी पोकळीच.
तेचे पैशे कोण देता?"
सरकार, मी म्हटलं.
शंभरात पस्तीस भाग पोकळी हवीच.
मागचं पाणी तिथूनच बाहेर येतं,
नाहीतर भिंतीचं पोट फुगतं
आणि एका रात्री ती आडवी होते.
"होय तर," ती म्हणाली,
"कायच बोलूक नाय त्या माणसासारखी."

दगड येणार कणकवलीकडच्या खाणीतून.
तिथे कुठल्यातरी डोंगराच्या कुशीत
एक्केचाळीस ब्रासचा खड्डा पडेल,
आणि पाऊस तिथेही पडतो.
अंदाजपत्रकात याला रकाना नाही.

मे उजाडता उजाडता मंजुरी आली. तीस.
लाल पेनचा शेरा: चर कमी करून बसवावे.
चर फोटोत दिसत नाही.

"चराक हात लावू नको," झिलू म्हणाला,
"लांबी काप."
तीस ब्रासात साडेएकोणतीस मीटर.
साडेदहा मीटर उघडे राहणार.
कुणाचे?

वरच्या अंगाला, जिथे व्हाळ सरळ येतो,
द्वारकाचं आगर.
खाली, वळणाच्या बाहेरच्या अंगाला,
तिच्या दिराचं, वासू घाडीचं.
याच काठावरून दोघांची
देवगडच्या कोर्टात अकरा वर्षं चालू.
मी टेप गुंडाळत राहिले,
उलगडलेला नसतानाही.

ती खाली उतरली.
माझ्या हातातली खुंटी घेतली,
वळणापासून पावलं टाकत वर आली,
स्वतःच्या पहिल्या माडाला पाठ करून
ती खुंटी दगडाने ठोकली.
"व्हाळाक सातबारो वाचूक येणा नाय.
तो मारता थंय, वळणार.
थंयसून घालूक घे."

आणि कोर्ट?
"तां आसा मां. सोळा जूनाक तारीख."

ती गेल्यावर मी तिची खुंटी टेपने तपासली.
एकोणतीस पूर्णांक चाळीस.
दहा सेंटिमीटर तिने
सांडण्यासाठी सोडले,
की पावलांचा अंदाज तेवढाच होता,
विचारलं नाही.
वहीत तिचाच आकडा लिहिला.