अकरा खोल्यांना कुलूप

एप्रिलात आमच्या व्हरमाँटला ना हिवाळा ना वसंत,
नुसता चिखल.
बर्फावर घसरणारे परत गेलेले, रानफुलं बघणारे अजून यायचेत,
मेपलचा पाक बाटल्यांत भरून झालेला,
आणि रस्ता असा की टपालगाडीसुद्धा विचार करून वळते.
ऑरिन म्हणाला, हेस्टर, आता नाही तर कधीच नाही.
अकरा खोल्यांना कुलूप लावलं. मांजर ड्वाइटकडे.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
पाहुणे म्हणून निघालो.

दोन दिवस गाडी हाकली दक्षिणेकडे.
व्हर्जिनियात लोकरी टोपी उतरली, कॅरोलायनात मोजे,
आणि चार्ल्सटन आलं तेव्हा
ऑरिनचा चौकड्यांचा फ्लॅनेल शर्ट मागच्या सीटवर
रागावून बसवलेल्या पोरासारखा.

इथले पुरुष निळ्या-पांढऱ्या रेघांच्या चुरगळ कापडात
बँकेत जातात, बिनमोज्यांचे,
गळ्याशी फुलपाखरू बांधून.
बायकांच्या बाह्या यंदा फुगल्यात, उशीच्या अभ्र्याएवढ्या
(मला दुसरं काय सुचणार).
आणि रंग! लिंबू, पिकला पीच,
शिवाय एक पोपटी,
ज्याला आमच्याकडे जूनआधी परवानगी नाही.

मक्याच्या कण्यांची पेज, वर लोण्यात परतलेली कोळंबी.
भेंडी इथे अख्खी बरणीत जाते,
लिफ्टमधल्या माणसांसारखी खांदे चोरून उभी,
आंबट, कुरकुरीत, जराही बुळबुळीत नाही.
यंदा सगळ्यांना लोणचंच हवंय, वाढपी म्हणाला,
कलिंगडाच्या सालीचंही करतो आम्ही.
ऑरिननं रुमालावर लिहून घेतलं: कलिंगडाची साल.
बावीस वर्षं आम्ही ती ड्वाइटच्या डुकरांना घातली.

सवय कुठे जाते.
खोलीत शिरताच मी चादरीचे कोपरे तपासले,
त्यानं डोळे मिटून नळ ऐकला.
वॉशर गेलाय, म्हणाला, आणि बॅगेतून पाना काढला.
सुट्टीवर पाना आणणारा नवरा!
पहाटे साडेपाचला दोघंही टक्क जागे.
कुणाला अंडी कशी हवीत, याची चिठ्ठी
कुणी देईना,
तेव्हा हात कुठे ठेवावेत तेच कळेना.

घरमालकीण ओडेसा गेलार्ड, सत्तरीची,
कडक इस्त्रीच्या अ‍ॅप्रनमध्ये ताठ,
कॉफी ओतता ओतता म्हणाली,
झोप लागली ना छान?

आमचं वाक्य.
रोज सकाळी, अकरा खोल्यांसाठी,
त्याच चालीत, त्याच कॉफीच्या वाफेतून.
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
उशी दगडाची होती,
आणि समोरच्या चर्चची घंटा तर तासालाही थांबायला तयार नव्हती.
फारच छान, ऑरिन म्हणाला.
अगदी घरच्यासारखी, मी म्हटलं.
तिनं मान डोलावून गरम बिस्किटं पुढे केली,
आणि माझा घास घशातच राहिला.

आमच्या जाड वहीत, जिन्याखालच्या टेबलावर,
सुंदर अक्षरांत, तारखेसकट,
अशा किती रात्री?

परतीच्या वाटेवर फारसं बोललो नाही.
पेनसिल्व्हेनियात तो म्हणाला, तीन नंबरची गादी.
मी म्हटलं, सात नंबरची खिडकी.
मग बराच वेळ नुसते वायपर.

मे महिन्यातला पहिला शनिवार.
ऑरिन स्वयंपाकघरात, रबरी बुटांवर
तो रेघांचा कोट, ज्याची किंमत मला अजून सांगितलेली नाही.
बरणीत नेच्याच्या कोवळ्या गुंडाळ्या, व्हिनेगरमध्ये,
भेंडी आमच्या थंडीत कुठली टिकायला.
ओहायोचे एक गृहस्थ खाली आले, एकटेच.
मी कॉफी ओतली. वाक्य जिभेवर आलं, गिळलं.
उशी कशी होती, विचारलं.
ते चमचा फिरवत राहिले.
खरं सांगू?
मी खुर्ची ओढून बसले,
पाहुण्यासमोर, अ‍ॅप्रनसकट, पहिल्यांदाच.

उशी ठीक आहे हो, ते म्हणाले,
पण तुमच्या जिन्याची चौथी पायरी
रात्रभर कण्हते.

आतून ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला,
ऑरिन पाना शोधत होता.