मागच्या दोन बाजारांत

प्रश्नावली मराठीत आणायला चौदा महिने लागले.
एका शब्दावर उपकेंद्रात अख्खी दुपार गेली,
लसीच्या डब्यावर कागद पसरून, वीज नसताना.
वनमालाताई म्हणाल्या, उदास तर बुवा-बैरागी असतात.
आमच्याकडे म्हणतात, करमत नाही.
फारच झालं तर, जीव लागत नाही.
आम्ही ते लिहिलं. हैदराबादच्या तज्ज्ञानं ते
उलट इंग्रजीत नेलं, आणि तिकडून आलं:
जीवन चिकटत नाही.
समितीनं समासात विचारलं: कशाला?

शेवटी छापलं गेलं: निराश, हताश किंवा खिन्न.
खिन्नला बोरखेडीत कुणी ओळखत नव्हतं.
परगावचा कुणी असेल म्हणून सगळ्यांनी मान हलवली,
नाही बाप्पा, असं काही नाही इथं.
टॅबलेटवर शून्य, शून्य, शून्य.
माझ्या तक्त्यात ते जिल्ह्यातलं सर्वांत सुखी गाव.

'मागील दोन आठवडे' मात्र मी पहिल्याच दिवशी सोडून दिले.
मागच्या दोन बाजारांत, असं विचारायची,
तेव्हा लोक खरोखर आठवायला लागायचे:
ज्या बाजारी सांभार महाग होता ना, त्या रात्री,
नाही लागला डोळा.

घर एक्केचाळीस. सहभागी एकशे सतरा.
द्वारकाबाई ठोंबरे, वय अंदाजे पन्नास.
मायं काय इचारता, मले काई नाई झालं.
दिगांबरचं इचारा.
दिगांबर तिचा धाकटा भाऊ. ओसरीत उकिडवा बसलेला,
स्वतःच्या तळहाताशी हळूहळू भांडत.
त्याची यादी वेगळी होती, माझ्या अभ्यासात तो बसत नव्हता.

मग तिनं मला चुलीमागं नेलं.
भिंतभर कोळसा.
हे रेघ म्हंजे झोपला.
गोल म्हंजे रातभर गावात हिंडला.
अन् हे फुली?
दवाखान्यात गोयी नोती त्या दिसाची.
मी बोट ठेवून वाचत गेले. सलग आठ फुल्या,
आणि त्यांच्या पुढे गोल, गोल, गोल,
एकात एक अडकलेले, शेवटचा तर
भिंत संपल्यामुळे दाराच्या चौकटीवर.
माझा चौथा अध्याय, जो मी अजून लिहिलाही नव्हता,
आकडेमोडीसकट तिथं होता,
धुरानं थोडा पुसट.

अॅपमध्ये कोळशासाठी रकाना नाही.
फोन काढला, मग परत ठेवला.
संमतीपत्रावरचा अंगठा उत्तरांसाठी होता,
भिंतीसाठी नव्हता.
दिवाळीले चुना मारता का?
मारते ना. लक्ष्मीले कायी भित चालन का?
मंग हे सारं?
जाते, ती म्हणाली. कोन पाहाले येते?

शोधनिबंधात मी एक ओळ घातली होती:
'काही कुटुंबांत अनौपचारिक नोंदी आढळल्या.'
मार्गदर्शकांनी ती काढली. काही म्हणजे किती?
एक, सर.

सहा महिन्यांनी पाठपुराव्याला गेले.
सगळं गाव कापूस वेचायला गेलेलं,
ती एकटीच उंबऱ्यात, बसून.
भिंत पांढरीशुभ्र. खाली कोपऱ्यात
सतरा-अठरा रेघा, नव्या.
आज येचाले नाई गेल्या?
तिनं ओठांवर बोट ठेवलं.
हळू बोला. झोपला हाय.

टॅबलेटचा आवाज बंद केला. खाली बसले,
आणि पाटी शिकवावी इतक्या जवळून
कुजबुजत पहिला प्रश्न विचारला:
मागच्या दोन बाजारांत, जीव लागला का?
छापलेलं नव्हतं ते. विचारलं.

तिनं बोटांवर उत्तरं दिली.
तीन. तीन. एक.
चौथ्याला हात अर्धा वर गेला,
आत बाज करकरली,
आणि आम्ही दोघी थांबलो.