रिकामा डबा

शनिवारी पहाटे सालोमीबाई
एपीएमसीतून मोड आलेले कांदे आणतात.
टेम्पोवाला भाडं घेत नाही, नुसता कुरकुरतो.

तुर्भे स्टोअरला, चर्चच्या मागे, पत्र्याखाली
खिचडीचं मोठं पातेलं.
प्रार्थना आखूडच करायची,
डाळ खाली लागते.

वहीत एक रकाना आहे: 'कारण'.
खदान बंद. नवरा सिव्हिलला.
यल्लव्वाच्या पुढे कोरंच आहे.
तिनं विचारलं होतं, काय सांगू?
बाई म्हणाल्या, डबा पुढे कर, भात निवतोय.

तीन शनिवार आली. चौथ्याला नाही.
पाचव्याला तिचा पोरगा आला,
डबा राखेनं घासलेला, झाकण घट्ट.
आत मूठभर कढीपत्ता,
त्यांच्या दाराशी ऑइलच्या डब्यात वाढतो तो.
"आई कामाला लागली.
म्हणाली, रिकामा डबा परत देत नसतात."

बाईंनी वही उघडली.
दिलेल्याचे रकाने होते सगळे,
आलेल्याचा एकही नव्हता.

मग तेल तापलंच होतं,
पानं धुतली, टाकली.
तडतड एवढी झाली
की पास्टरांचं आमेन
कुणाला ऐकूच आलं नाही.