तिनोसची शेळी

अथेन्सहून ऑलिंपिक जिंकून थ्रासिवूलोस आला.
बोटीतून उतरताना
फांदी सदऱ्याच्या आत धरलेली,
खारा वारा लागू नये म्हणून.

राजाने स्वतः दिलेली.
आईने उलटसुलट करून पाहिली :
"ऑलिव्हची? आपल्या कुंपणाशी काय कमी होत्या?"

तरी टांगली तिने दाराशी,
संगमरवराच्या भुकटीने पांढऱ्या पडलेल्या
त्याच्या खाणीतल्या कपड्यांशेजारी.

पहाटे शेळीने फस्त केली.
देठ तेवढा उरला, ओला.

थ्रासिवूलोस हसला नाही, रागावलाही नाही.
पहार खांद्यावर टाकून खाणीकडे निघाला.

शेजारची गारूफालिया मात्र
आठवडाभर यायची वाटीभर दूध मागायला.
किरट्या पोराच्या ओठांना वाटी लावून म्हणायची,
पी.
जिंकलेलं आहे.